ट्रेन आणि बसच्या दारांचा रिव्ह्यू: बटण दाबायचं की नुसतं थांबायचं?

पाचपैकी दोन स्टार देतेय. हा कुठल्या एका कंपनीचा किंवा एका गाडीचा रिव्ह्यू नाही, रोज आपण ज्यातून चढतो-उतरतो त्या ट्रेन, मेट्रो आणि बसच्या दारांचा आहे. सीटबद्दल, एसीबद्दल, उशिराबद्दल सगळे लिहितात, दाराबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. खरं तर सीट नाही मिळाली तर उभं राहता येतं, एसी बंद असला तर घाम पुसता येतो, पण दार वेळेत उघडलं नाही तर थेट पुढच्या स्टेशनला जायचं. आणि ते वापरायला वेळ किती तर दहा-पंधरा सेकंद, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मूल किंवा काठी, आणि मागे लोक उभे.

लिहायचं कारण माझी आई. आम्ही दोघी एका ट्रेनने चाललो होतो, आमचं स्टेशन आलं, गाडी थांबली, आई दारासमोर अगदी बरोबर उभी होती, दोन मिनिटं आधीच उठून आली होती कारण तिचे गुडघे दुखतात आणि तिला घाई जमत नाही. दार उघडलं नाही. मी दोन माणसांच्या मागे होते, मला वाटलं ड्रायव्हर उघडेल, तिलाही तेच वाटलं, कारण त्याच दिवशी सकाळी ज्या मेट्रोने आलो तिची दारं आपोआप उघडत होती. मग एका मुलाने तिच्या खांद्यावरून हात घालून बाजूचं बटण दाबलं आणि म्हणाला, "दाबायचं असतं काकू." मुलगा चांगलाच होता, त्याचा काही दोष नाही. आई त्याला "सॉरी" म्हणाली, मग फलाटावर उतरल्यावर मलाही म्हणाली, "माझ्या लक्षातच आलं नाही गं."

ते सॉरी माझ्या डोक्यातून जात नाहीये. आई आयुष्यभर मशीन वापरत आलीय, शिवणयंत्र स्वतः उघडून तेल घालते, मोबाइलवर सगळी बिलं भरते. दार उघडत नाही आणि माफी तिने मागायची? ज्याने ते दार बनवलं त्याने मागायला हवी.

तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे दारं बघते, आणि माझं ठाम मत झालंय की या दारांचा मूळ प्रॉब्लेम एकच आहे. दार सांगत नाही की उघडायचं काम कोणाचं आहे. माझं, ड्रायव्हरचं, की त्याचं स्वतःचं? तीन प्रकार असतात. पहिल्यात गाडी थांबली की ड्रायव्हर किंवा गार्ड सगळी दारं एकदम उघडतो. दुसऱ्यात तो फक्त लॉक सोडतो आणि ज्याला उतरायचंय त्याने बटण दाबायचं. तिसऱ्यात सगळं हातानेच, कडी उचला, पल्ला सरकवा. आता गंमत म्हणून नाही, खरंच एकदा नीट बघा, पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचं दार समोर उभं राहिल्यावर सारखंच दिसतं. तीच काच, तेच दोन पल्ले, तोच मधला रबर. फरक फक्त त्या छोट्या बटणात, आणि गर्दी असेल तर त्या बटणासमोर कोणाची तरी पाठ असते.

आता बटण का देतात ते मला मान्य आहे. प्रत्येक स्टेशनवर सगळी दारं सताड उघडली की आतली गारवा-ऊब सगळी बाहेर जाते, जिथे दोनच माणसं उतरणार तिथे वीस दारं कशाला उघडायची, दारांची यंत्रणाही उगाच झिजते. बरोबर आहे. पण मग ते काम तुम्ही प्रवाशावर टाकलंय तर त्याला तसं सांगा ना. बटणाला प्रकाशाची कडा असते, लॉक सुटलं की ती हिरवी होते, ठीक, पण हे कळायला आधी बटण दिसलं पाहिजे, ते दाबायचंय हे माहीत पाहिजे आणि आत्ता हिरवं नाही म्हणजे थोडं थांबायचंय हेही माहीत पाहिजे. पहिल्यांदा बसलेला माणूस गाडी थांबता थांबताच दाबतो, काही होत नाही, त्याला वाटतं बटण बिघडलंय, तो दुसऱ्या दाराकडे पळतो आणि तेवढ्यात इकडे हिरवं होतं. काही गाड्यांमध्ये आधी दाबलेलं लक्षात ठेवतात आणि थांबल्यावर दार आपोआप उघडतं, काहींमध्ये आधी दाबलेलं वाया जातं, पुन्हा दाबावं लागतं. दोन्हींची बटणं बाहेरून तशीच. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण आधी दाबलेलं लक्षात ठेवणं हे काही अवघड तंत्रज्ञान नाही, लिफ्ट तर कधीपासून करतेय.

काही गाड्यांमध्ये दार उघडण्याआधी खालून एक पायरी सरकत बाहेर येते, फलाट आणि डब्यामधली फट भरायला. पायरी उत्तमच आहे, आईसाठी तर फारच. पण ती येईपर्यंत दोन-चार सेकंद दार ढिम्म, आवाज नाही, दिवा नाही, म्हणून लोक बटण धाडधाड दाबत सुटतात. नुसता एक टुंग आवाज दिला असता की "कळलंय, उघडतोय", तरी भागलं असतं.

आणि याच्या अगदी उलट पण असतं, बटण आहे पण त्याला काही अर्थच नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत सेंट्रल लाइनवर १९९२ सालच्या बनावटीच्या गाड्या आहेत, त्यांना प्रवाशांनी दाबायची बटणं बसवली होती, पुढे ड्रायव्हरनेच सगळी दारं उघडायची असं ठरलं आणि बटणं तशीच राहिली. माणूस बटण दाबतो, दार उघडतं, त्याला वाटतं आपल्यामुळे उघडलं. त्यात नुकसान काय असं कोणी म्हणेल. नुकसान हे की तो माणूस चुकीचं शिकला. आणि बाकीचे जे कधीच दाबत नाहीत तेही शिकतात की दाबावं लागत नाही, मग तेच लोक दुसऱ्या गाडीत जाऊन आईसारखे उभे राहतात. २०२० मध्ये कोरोनात बऱ्याच ठिकाणी, जर्मनीत वगैरे, बटणाला हात लागू नये म्हणून सगळी दारं एकदम आपोआप उघडायला लागले होते, तेव्हा तेच योग्य होतं, पण नंतर परत बटणं सुरू झाली तेव्हा लोकांची सवय मोडलेली होती. सवय एकदा लागली की हात डोक्याला विचारत नाही.

पॅरिसच्या मेट्रोचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे १९६७ च्या बनावटीच्या जुन्या गाड्यांना दारावर धातूची खिट्टी असते, ती वर उचलली की दोन्ही पल्ले बाजूला होतात. नंतरच्या काही गाड्यांना बटण आलं. आणि १९९८ ला सुरू झालेल्या १४ नंबरच्या लाइनवर ड्रायव्हरच नाही, दारं पूर्ण आपोआप. म्हणजे एकाच शहरात, एकाच तिकिटावर, जिन्याने एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर गेलात की दाराचा नियम बदलला. तरीपण मला विचाराल तर त्यातली ती जुनी खिट्टी मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण ती समोर आहे, धरता येते, ती आहे म्हणजे ती हलवायचीच आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे दाराला कडी असते तेव्हा कोणी पाटी लावतं का, "कडी काढा" म्हणून?

जुनं ते सगळं चांगलं असं मात्र अजिबात म्हणायचं नाही मला. ब्रिटनमध्ये १९७६ साली ताशी १२५ मैल धावणाऱ्या इंटरसिटी गाड्या आल्या, त्या काळात एकदम आधुनिक, आणि त्यांच्या डब्यांच्या दारांना आतून हँडलच नव्हतं! उतरायचं असेल तर दाराची खिडकी खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरचं हँडल फिरवायचं. गाडी चालू असताना दार उघडू नये म्हणून सगळी दारं एकत्र लॉक करायची सोय नंतर, १९९० च्या दशकात बसवली. विचार करा, हाताला संधिवात आहे, खिडकी जड आहे, उंची कमी आहे, असा माणूस काय करत असेल? कोणाची तरी वाट बघत असेल. इतक्या वेगवान गाडीचं इंजिन बनवणाऱ्यांना दाराच्या आतल्या बाजूला हँडल देणं अवघड होतं का, तर नव्हतं.

डिझाइन शिकलेल्या लोकांना "नॉर्मन डोअर" हा शब्द माहीत असतो. डोनाल्ड नॉर्मन हे अमेरिकन अभ्यासक, माणूस वस्तू कशी समजून घेतो यावर त्यांचं काम, आणि जे दार बघून ढकलायचं की ओढायचं कळत नाही त्याला त्यांचं नाव पडलंय. त्यांचं म्हणणं साधं आहे, दाराला "ढकला" अशी पाटी लावावी लागते म्हणजे दार चुकलंय, तुम्ही नाही. सपाट पट्टी दिसली की हात आपोआप ढकलतो, उभी मूठ दिसली की ओढतो. ट्रेनच्या दाराला तर पट्टीही नाही आणि मूठही नाही. म्हणून मग पाट्या चिकटवतात. मी एका गाडीत बटणाभोवती चार स्टिकर पाहिले, उघडण्यासाठी दाबा, दिवा लागल्यावर दाबा, दाराला टेकू नका, हात घालू नका. उतरायच्या घाईत कोण वाचणार हो?

त्यात ती त्रिकोणांची चिन्हं. उघडायला दोन त्रिकोण एकमेकांकडे पाठ करून, बंद करायला दोन त्रिकोण एकमेकांकडे तोंड करून, मध्ये एक रेघ. लिफ्टमध्ये पण हीच असतात आणि तिथे पण हाच घोळ. कोणीतरी पळत येतंय, आपल्याला त्याच्यासाठी दार धरायचंय, एका सेकंदात बोट जातं आणि दार त्याच्या तोंडावर बंद होतं, तो आपल्याकडे असा बघतो की आपण मुद्दाम केलं. दोन्ही चित्रं एकाच आकाराची, एकाच जाडीची, शेजारी-शेजारी. उघडायचं बटण मोठं आणि बंद करायचं लहान, एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतील असं माझं मत. आणि नुसत्या लाल-हिरव्या रंगावर तर सोडूच नका, लाल-हिरवा फरक न कळणारे लोक, त्यातही पुरुष, कमी नाहीत, त्यांना दोन्ही कडा सारख्याच मातकट दिसतात.

काही नवीन गाड्यांमध्ये बटण म्हणजे काचेसारखी सपाट टचवाली चकती. दिसायला छान. पण हातात मोजे असले की चालत नाही, आणि ज्याला दिसत नाही तो हाताने चाचपून बटण शोधतो, त्याला सपाट काचेवर काय लागणार? नियम नाहीत असंही नाही. युरोपात अपंग आणि हालचालीला त्रास असलेल्या प्रवाशांसाठी जे रेल्वेचे तांत्रिक नियम आहेत त्यात लिहिलंय की दाराचं बटण चालू असताना उजळलेलं हवं आणि १५ न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, म्हणजे साधारण दीड किलो वजन उचलायला लागतो तेवढा. दार उघडल्यावर किमान ८०० मिलिमीटर मोकळी रुंदी हवी, व्हीलचेअर जायला. चांगले नियम आहेत, मनापासून सांगते. पण जोर मोजता येतो, रुंदी मोजता येते, "माणसाला कळलं का" हे टेपने मोजता येत नाही, त्यासाठी ज्याने ते दार कधी पाहिलं नाही अशा माणसाला समोर उभं करून बघत बसावं लागतं.

बंद होताना काय होतं हे जास्त गंभीर आहे म्हणून इथे जरा थांबते. आपल्याला सगळ्यांना लिफ्टने शिकवलंय की दारात हात घातला की दार परत उघडतं. बहुतेक लिफ्टच्या दाराला प्रकाशकिरणांचा पडदा असतो, मध्ये काहीही आलं की न टेकताच दार मागे फिरतं. ट्रेनचं दार बऱ्याचदा तसं नसतं. ते आधी अडकतं, मग त्याला कळतं की काहीतरी आहे, आणि वस्तू बारीक असेल, बॅगेचा पट्टा, ओढणीचं टोक, कोटाची कड, तर कळतच नाही, दार व्यवस्थित बंद झालंय असंच त्याला वाटतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली वेस्ट विकहॅम स्टेशनवर एका प्रवासी बाईंच्या बॅगेचा पट्टा असाच दारात अडकला, गाडी सुटली आणि त्या ओढल्या जाऊन गंभीर जखमी झाल्या. त्याच वर्षी हेज अँड हार्लिंग्टन स्टेशनवर एका प्रवाशाचा हात दारात अडकला आणि गाडी हलली. रेल्वे अपघातांची चौकशी करणाऱ्या तिथल्या सरकारी शाखेने दोन्हींचा तपास केला, आणि त्यात पुढे आलेली एक गोष्ट मी वाचली तेव्हा अंगावर काटा आला. सगळी दारं लागल्याशिवाय गाडी हलत नाही असं इंटरलॉक असतं, म्हणून ड्रायव्हरलाही वाटू शकतं की गाडी हलतेय म्हणजे कोणी अडकलेलं नाही. तसं नसतं. इंटरलॉक एवढंच सांगतं की दार लागलंय, दारात काय आहे ते नाही सांगत.

म्हणजे प्रवाशाचा समज चुकीचा आणि कधीकधी गाडी चालवणाऱ्याचाही. दोघांनाही दाराने तसं समजू दिलं. आपण पोरांना ओरडतो, दारात हात घालू नको, आणि ओरडायलाच हवं, पण लिफ्ट आणि ट्रेनची दारं दिसायला एकसारखी आणि वागायला वेगळी ठेवायची आणि मग खापर हात घालणाऱ्यावर फोडायचं हे मला पटत नाही.

बसचं सांगते, थोडक्यात. मागच्या दाराची कथा सगळीकडे एकच, उतरणारा माणूस दारापाशी उभा, दार बंद, मग पूर्ण बसभर ओरडा, "मागचं दार!" काही ठिकाणी, अमेरिकेत मुख्यतः, मागच्या दारावर पिवळी पट्टी असते, वरचा हिरवा दिवा लागला की ती पट्टी हाताने दाबायची किंवा तिला हात लावायचा की दार उघडतं. कल्पना वाईट नाही, हात जिथे आपोआप जातो तिथेच पट्टी आहे. पण दिवा डोक्याच्या वर, आणि उतरणारा माणूस खाली पायरीकडे बघत असतो, पडू नये म्हणून. आणि ज्या बसचं दार आतल्या बाजूला घडी होतं तिथे तर अजून पंचाईत, तुम्ही शहाण्यासारखे आधीच पुढे येऊन उभे राहिलात तर तुमच्यामुळेच दार उघडत नाही, मागे सरका म्हणतात, मागे सरकायला जागा कुठे. जमिनीवर दाराच्या झोक्याएवढा भाग वेगळ्या रंगात रंगवलेला काही बसमध्ये पाहिलाय, तो मात्र लगेच कळतो, त्यांना त्याबद्दल एक स्टार जास्त.

आता टॉयलेटचं दार. ट्रेनमधलं मोठं, गोल सरकणारं, बटणवालं, व्हीलचेअर आत जावी म्हणून केलेलं. हेतू इतका चांगला आहे की टीका करायला जीवावर येतं. पण त्याला आत तीन बटणं असतात, उघडा, बंद करा, लॉक करा. घरी आपण दार लावतो आणि कडी घालतो, दोन कामं, पण कडी घातली की ती डोळ्याला दिसते आणि हाताला कळते, ओढून बघता येते. इथे बंद केलं की दार सावकाश सरकत जातं, लागतं, आणि माणसाला वाटतं झालं. लॉकचं बटण वेगळं आहे आणि दार पूर्ण लागायच्या आधी ते दाबलं तर काही गाड्यांमध्ये ते घेतच नाही. मग बाहेरचा माणूस बटण दाबतो, आणि दार तितक्याच सावकाश सरकत पूर्ण उघडतं, आणि आतल्या माणसाच्या हाताशी बंदचं बटण नसतं, उठून दोन पावलं जावं लागतं. असं झालेलं मी स्वतः पाहिलंय, एक आजोबा होते, आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो, ते बाहेर आले तेव्हा मान वर करत नव्हते. ज्यांच्यासाठी ते मोठं दार बनवलं त्यांच्याच वाट्याला हे यावं याचं मला फार वाईट वाटलं. आणि ज्याला पटकन उठताच येत नाही त्याचं काय?

त्यानंतर आई टॉयलेटला गेली की मी बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायला लागले. तीही आतून दोनदा विचारायची, "आहेस ना?"

दोन स्टार कशाचे ते सांगते. एक त्या पायरीचा, जमिनीवरच्या रंगाचा आणि उजळणाऱ्या बटणांचा, म्हणजे ज्यांनी कोणी प्रयत्न केलाय त्यांचा. दुसरा एका टॉयलेटच्या दाराचा. गेल्या प्रवासात एक गाडी मिळाली, तिच्यात तेच मोठं सरकतं दार होतं पण आत लॉकसाठी बटण नव्हतं, तळहाताएवढा एक आडवा दांडा होता, तो खाली ओढला की खट्ट आवाज यायचा आणि बाहेर लाल पट्टी दिसायची. आई आत गेली. खट्ट ऐकू आलं, लाल दिसलं. मी परत सीटवर जाऊन बसले, आणि ती एकटी चालत परत आली.